५०० रुपये कशाचे घेतले, ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं की बर्डीवर काही दुकानदार लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येते अशी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) भरलेले पेनड्राइव्ह ५००-५०० रुपयांना विकून राहिलेत, हे तर इंटरनेटवर फुकट मिळतं, मग ही सरळसरळ लूट आहे आणि यांच्यावर कारवाई झाली पाहिजे. पत्र वाचून दोन दिवस गप्प बसलो, म्हटलं आपल्याला काय करायचंय, पण बायको म्हणाली सकाळपासून त्या पेपरशी भांडून राहिले त्यापेक्षा एकदाचं लिहून टाका. म्हणून लिहितो. थोडं लांबेल, कापायचं तिथं कापा, पण जर्मन पुस्तकाचं तेवढं ठेवा.

आधी हा बाजार सुरू कशानं झाला ते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, संपला. विंडोज ११ टाकायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे घरोघरी जे लॅपटॉप धडधाकट चालून राहिले होते, पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी सेकंडहँड घेतलेले, रिटायर झालेल्यांचे बँकेच्या कामाचे, ते एका दिवसात म्हातारे ठरले. आता अशा मशीनचं करायचं काय, तर एकतर भंगारात द्या नाहीतर लिनक्स टाका. बर्डीवरच्या मोदी नंबर तीनच्या गल्लीत तेव्हापासून "लिनक्स टाकून मिळेल" अशी पाटी दिसायला लागली, आणि ज्याला मशीन दुकानात न्यायचं नाही त्याला तयार पेनड्राइव्ह. इथवर ठीक आहे.

आता विकण्याचं. पत्रलेखकांना वाटतं फुकटची वस्तू विकणं गुन्हा आहे. नाहीये हो. लिनक्सचा गाभा ज्या लायसन्सखाली आहे, जीपीएल, त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, त्यात कॉपी करून देण्याचे पैसे घेता येतात असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अट वेगळीच आहे. ज्याला विकलं त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मिळायला पाहिजे, आणि त्यानं पुढं दहा जणांना वाटलं किंवा विकलं तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही. रिचर्ड स्टॉलमन, ज्यांनी ही सगळी चळवळ उभी केली, ते स्वतः १९८५ च्या सुमारास आपल्या ईमॅक्स प्रोग्रामची टेप १५० डॉलरला विकायचे, म्हणजे पहिलं दुकान त्यांनीच मांडलं होतं म्हणा ना. घोळ सगळा 'फ्री' या शब्दाचा आहे, इंग्रजीत त्याचे दोन अर्थ होतात म्हणून ते लोक आजवर खुलासे करत बसलेत, आपल्याकडे तर फुकट वेगळं आणि मोकळं वेगळं, दोन सरळ शब्द आहेत, तरी आपण बरोब्बर फुकटच उचललं.

तेव्हा त्या गृहस्थांचा राग मला कळतो पण प्रश्न चुकला. ५०० का घेतले असं विचारायचंच नाही. ५०० कशाचे घेतले, हे विचारायचं. आणि हे मी कोणाच्या बाजूनं बोलून नाही राहिलो, मी दोन्ही करून बसलोय, खोक्यातलं विकतचं लिनक्सही घेतलं आणि रात्र रात्र जागून फुकटचंही उतरवलं, म्हणून सांगतो.

माझं महालात डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे पेपर, असली कामं, पंचवीस वर्षं केलं. २००३ च्या आसपास कॉम्प्युटरच्या मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळायची. पीसी क्वेस्टनं तर त्याआधीपासूनच वाचकांना लिनक्सच्या सीडी देणं सुरू केलं होतं आणि आमच्यासारख्या कितीतरी लोकांनी लिनक्स पहिल्यांदा तसंच पाहिलं. अशी एक सीडी मी हौसेनं दुकानातल्या मशीनला लावली. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे तुकडे पाडणं, काय असते ते माहीत नाही, सांगायला पुस्तक नाही, सीडीच्या पाकिटावर दोन ओळी. स्क्रीननं काहीतरी विचारलं, मी होय म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा होय. ऐन मे महिन्यात, लगीनसराईत, चाळीसएक पत्रिकांच्या फायली साफ. चूक माझीच, सीडीनं तं बिचारीनं दोनदा विचारलं होतं. पण त्या दिवशी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या जन्मात नाही खाल्ल्या, एका वरपित्यानं तर दुकानात ठिय्या मांडला आणि मी रात्री तीनपर्यंत त्याच्या समोर बसून पत्रिका नव्यानं टाइप केली, तो मधून मधून चहा सांगायचा आणि "प्रेषक" मधली नावं बदलायचा.

तेव्हा ठरवलं की लिनक्स घ्यायचं तर पुस्तकासकट घ्यायचं. मेहुणा जर्मनीत होता, त्याला फोन केला की येताना ओरिजिनल खोकं घेऊन ये. जून २००४ मध्ये आला तो घेऊन. सुसे या जर्मन कंपनीचं सुसे लिनक्स ९.१ प्रोफेशनल. नुकतंच निघालेलं, तिकडे किंमत ९० युरोच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे जवळपास ५ हजार रुपये, आणि हे त्या काळात जेव्हा आपल्याकडे बर्डीच्या फुटपाथवर कोणतंही सॉफ्टवेअर सीडीच्या भावात मिळायचं, कोणतंही म्हणजे कोणतंही. मेहुण्यानं बहिणीकडे पाहून पैसे घेतले नाहीत, ती गोष्ट वेगळी, पण बारा वर्षं ऐकवलं.

खोकं काय होतं राजेहो. वजनाला दोन किलो डाळ असावी असं. वर सरडा, सुसेचं चिन्ह. आत सीडी पाच, डीव्हीडी वेगळ्या, आणि दोन जाडजूड पुस्तकं, एक वापरणाऱ्यासाठी आणि एक चालवणाऱ्यासाठी, कागद असा की मी छापखान्यातला माणूस, आधी बोटात धरून जीएसएमच, म्हणजे कागदाचं वजन, पाहत बसलो. बाइंडिंग उघडलं की पुस्तक सपाट पडून राहायचं, मिटायचं नाही, म्हणजे हात कीबोर्डवर आणि डोळे पानावर ठेवता येतात, हा विचार कोणीतरी केलेला होता. सोबत नोंदणीचा कोड, तो टाकला की काही दिवस इन्स्टॉलेशनसाठी मदत मागता यायची. महालातून न्यूरेंबर्गला, सुसेच्या गावी, आयएसडी लावून विचारण्यापेक्षा मी नवा कॉम्प्युटर घेतला असता, ते सोडा.

पुस्तक उघडलं. जर्मन.

दोन्ही पुस्तकं जर्मन. मेहुणा तिथल्या दुकानातून घेऊन आला, तिथल्या दुकानात तिथल्याच भाषेतलं मिळणार, त्याच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. बायको हसून हसून लाल. सॉफ्टवेअरनं सुरुवातीलाच भाषा विचारली, इंग्रजी म्हटलं, ते चालू झालं, त्यात काही अडचण नाही, म्हणजे जे फुकट कॉपी करता आलं असतं ते व्यवस्थित चाललं आणि ज्याच्यासाठी ५ हजार गेले ते मला वाचता येईना!

पण खरं सांगू का, तरीही त्या पुस्तकानं मला तारलं. चित्रं होती. प्रत्येक पायरीचा स्क्रीनचा फोटो, वर बाण, कमांड तर जगभर सारखीच, ती वेगळ्या टाइपात छापलेली. पार्टिशनच्या पानावर डिस्कचं आडवं चित्र होतं, विंडोजचा तुकडा एका रंगात आणि रिकामा तुकडा दुसऱ्या, ते पाहिल्यावर दहा सेकंदांत कळलं की मागच्या वर्षी मी काय करून बसलो होतो. माझा लेझर प्रिंटर लागत नव्हता, ट्रेसिंगवर प्रिंट काढल्याशिवाय आमचा धंदा शून्य, तर शेवटची सूची उघडून अंदाजानं शोधत बसलो, पी मध्ये काही नाही, मग डी मध्ये 'ड्रुकर' सापडलं. ड्रुकर म्हणजे प्रिंटर. एवढं एक जर्मन मला आजही येतं. त्या पानांच्या कडेला मी पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवलं, इथं हो म्हणायचं, इथं थांबायचं, हे दाबू नये. पुस्तक अजून आहे, घरात एवढ्या वेळा रद्दी गेली पण ते नाही गेलं.

दुकानाचं मुख्य मशीन मात्र विंडोजवरच राहिलं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल मी प्रचारक आहे. पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी टाइपचं श्रीलिपी लिनक्सवर चालत नव्हतं, आणि सगळ्या जुन्या पत्रिका त्यातच. लिनक्स घरच्या मशीनवर.

मग आलं डाउनलोडचं युग. ऑगस्ट २००५ मध्ये ओपनसुसे, म्हणजे सुसेचा सगळ्यांसाठी खुला प्रकल्प, सुरू झाला, ऑक्टोबरमध्ये सुसे १० निघालं आणि पहिल्यांदाच असं झालं की जे खोक्यात तेच, म्हणजे जवळपास तेच, निघाल्याबरोबर कोणालाही उतरवून घेता येईल. त्याआधी सुसेवाले पूर्ण सीडी अशा देत नसत, आणि एक गंमत म्हणजे त्यांचं जे इन्स्टॉल करणारं साधन, यास्ट, त्याचं लायसन्स असं होतं की मित्राला कॉपी द्या हरकत नाही पण पैसे घेऊन विकू नका. म्हणजे पत्रलेखकांना पाहिजे तस्सा नियम एकेकाळी होता, पण तो कंपनीनंच केलेला होता, स्वतःचं खोकं विकलं जावं म्हणून. २००४ मध्ये नॉव्हेल या अमेरिकन कंपनीनं सुसे विकत घेतल्यावर, २१ कोटी डॉलरला, यास्टही जीपीएलखाली आणलं आणि तो नियम गेला.

तर मीही ठरवलं, यंदा फुकट. घरी नुकतंच ब्रॉडबँड आलेलं, २५६ केबीपीएस, आजच्या पोरांना हा आकडा सांगितला तर ते विचारतात हे काय असते. दिवसा मोजून डेटा, आणि रात्री २ ते सकाळी ८ मोजणी नाही. आता हिशोब पाहा, २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट, सहा तासांत साधारण ६९० एमबी, म्हणजे कागदावर एका रात्रीत बरोब्बर एक सीडी, जसं काही त्या प्लॅनवाल्यानं सीडी मोजूनच वेळ ठरवली होती. त्याआधीच्या डायल-अपवर एका सीडीला ३० तास लागले असते, आणि तेही फोन अडकवून. सीडी पाच. पाच रात्री पुरायला पाहिजे होत्या, लागल्या नऊ. कारण प्रत्यक्षात स्पीड तेवढा कधीच येत नाही, आणि मधूनच लाइट जायची. गजर लावून दोनला उठायचं, डाउनलोड सुरू करायचं, लाइट गेली की मॉडेम गार, आली की डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या प्रोग्रामला सांगायचं जिथून सोडलं तिथून धर. तिसरी सीडी पूर्ण उतरली, एमडी-फाइव्ह, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का ते तपासायचा आकडा, काढून पाहिलं तर जुळेना. पुन्हा उतरवली. बायको म्हणाली घरात तान्हं बाळ असल्यासारखं उठता, तेव्हा तं नाही उठले एवढे.

आणि टाकल्यावर कळलं की एमपीथ्री वाजत नाही. आईनं भजनांची सीडी लावायला सांगितली, तर मशीन मुकं. खोक्यातल्या विकतच्या आवृत्तीत ते वाजायचं, कारण एमपीथ्रीवर पेटंट होतं आणि कंपनीनं त्याची सोय करून ती चीज खोक्यात घातलेली, फ्लॅश वगैरेही तसंच. फुकटच्या शुद्ध आवृत्तीत फक्त मोकळं सॉफ्टवेअर, त्यामुळं ते गाळलेलं. पुढं दुसरीकडून टाकता यायचं, टाकलंही मी, पण ते कुठं मिळते हे ज्याला माहीत त्याला. ती पेटंटं २०१७ पर्यंत संपली आणि आता हा प्रश्नच उरला नाही, पण तेव्हा माझ्या आईच्या मते फुकटचं लिनक्स बिघडलेलं होतं आणि मेहुण्यानं आणलेलं चांगलं होतं.

मधे एक सोन्यासारखा काळ येऊन गेला तोही सांगतो. उबंटू या दुसऱ्या एका लिनक्सवाले, २००४ ला सुरू झालेले, सीडी पोस्टानं घरी पाठवायचे. फुकट, पोस्टेजसुद्धा त्यांचंच. मी मागवली, काही आठवड्यांनी पोस्टमननं महालात पाकीट आणून दिलं, छान छापलेलं जाड कागदाचं पाकीट, बाहेरच्या देशाचा शिक्का. पोस्टमन म्हणाला भाऊ सही करा, काय आहे? मी म्हटलं विंडोजसारखं आहे पण विंडोज नाही. तो म्हणाला मग काहून मागवलं? २०११ मध्ये त्यांनी ते बंद केलं. खर्च कोण करत होतं, तर मार्क शटलवर्थ, ज्यांनी १९९९ मध्ये आपली थॉट कंपनी ५७.५ कोटी डॉलरला विकली होती. म्हणजे तेही फुकट नव्हतंच, फक्त बिल माझ्या नावानं फाडलं जात नव्हतं.

खोकी का गेली, याचं कारण सरळ आहे. एक खोकं विकलं की त्याच्या शंभर कॉपी करायला कोणाची हरकत नाही, मग खोक्यावर कंपनी कशी चालणार. अमेरिकेच्या रेड हॅट कंपनीनं २००३ ला रेड हॅट लिनक्स ९ काढलं, ते त्या मालिकेतलं शेवटचं, मग घरच्यांसाठी फेडोरा नावाचं फुकट लिनक्स आणि कंपन्यांसाठी वर्षाची वर्गणी घेऊन सपोर्टवालं. पुढं २०१९ मध्ये आयबीएमनं त्यांना ३४ अब्ज डॉलरला घेतलं, म्हणजे त्यांचा निर्णय काही चुकला नाही. ज्यांनी घरच्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली त्या फ्रान्सच्या मँड्रेक या लिनक्सच्या कंपनीकडे पाहा, त्यांची पॉवरपॅक नावाची खोकी लोकांना आवडायची, पण २००३ ला दिवाळखोरीपासून संरक्षण मागावं लागलं, सावरले, नाव बदलून मँड्रिवा झाले आणि २०१५ मध्ये कंपनीच गुंडाळली गेली.

पण यात आपलं काय झालं ते कोणी बोलत नाही. सर्व्हरवाला मोठा गिऱ्हाईक गिऱ्हाईक राहिला, त्याच्यासाठी पुस्तकं, फोन, माणसं सगळं आहे. घरचा माणूस गिऱ्हाईक राहिला नाही, तो फुकट्या झाला. त्याला सॉफ्टवेअर पूर्वीपेक्षा चांगलं मिळते, हे कबूल, कितीतरी चांगलं, मिंटसारखं लिनक्स आज ३ जीबीच्या आसपास आहे, फायबरवर दहा-पंधरा मिनिटांत उतरते, वायफाय-प्रिंटर आपोआप लागते, आणि सुरक्षेचे अपडेट घरबसल्या येत राहतात, खोक्यातली सीडी तर घरी येईस्तोवर शिळी झालेली असायची. पण त्याच्या हातात कोणी कागद ठेवत नाही. ठेवणार कशाला, त्यानं पैसेच दिलेले नाहीत. सुसेच्या माणसानं बाइंडिंग सपाट पडलं पाहिजे हा विचार केला तो ९० युरो घेतले म्हणून.

आता येतो त्या ५०० रुपयांवर. आमच्या शेजारी एक रिटायर शिक्षिका राहतात, आम्ही काकूच म्हणतो. त्यांनी बर्डीवरून असाच पेनड्राइव्ह आणला, ५०० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, सगळीकडे तेच आहे. संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "भाऊ, हे लावून राहिले तं काहीच होऊन नाही राहिलं, विंडोजच उघडते." प्लास्टिकची पुडी, आत पेनड्राइव्ह, बाकी काही नाही. एक चिठ्ठी नाही. अहो लॅपटॉप चालू करताना एफ-१२ दाबायचं, कोणत्या कंपनीचा असेल तर एफ-९, कोणाचा असेल तर एस्केप, एवढी एक ओळ लिहून दिली असती तर काकूंना दोन मजले चढावे लागले नसते, त्यांचे गुडघे दुखतात.

दाबलं, सुरू झालं. आणि मग मी पाहिलं तर आत मिंट २०. मिंट २० चा सपोर्ट एप्रिल २०२५ लाच संपलेला! म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून बाई घाबरून जिथं गेल्या, तिथं त्यांना त्याच्याही सहा महिने आधी संपलेलं विकलं. दुकानदारानं कधीतरी एकदा उतरवून ठेवलेलं, तेच छापून राहिला. लूट ही आहे, संपादक साहेब. ५०० नाही. मी मिंट २२ उतरवून दिलं, ते एप्रिल २०२९ पर्यंत चालते, आणि काकूंचा मराठी टाइपचा कीबोर्डही लावून दिला, आता त्या नातवाला लांबच लांब मेल करतात.

आणखी एक. उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे पाहिलेलं पाहिजे. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटचीच वेबसाइट हॅकरांनी फोडली होती आणि डाउनलोडची लिंक बदलून आत चोरदरवाजा बसवलेली फाइल लोकांच्या गळ्यात मारली. कंपनीचं सीलबंद खोकं होतं तेव्हा ही भीती कमी होती. आज माझ्यासारखा पाहणारा चेकसम, म्हणजे तोच तपासणीचा आकडा, जुळवून पाहतो, सगळ्यांना ते जमणार नाही, मग त्यांच्या वतीनं दुकानदारानं पाहावं ना, ५०० त्याचेच तर आहेत. कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला उतरवली, चेकसम जुळवला का, सपोर्ट कधीपर्यंत, एवढं पुडीवर लिहिलेलं असलं आणि महिनाभर फोन केला तर उचलला, तर मी म्हणतो ७०० घ्या. परदेशात झोरिन नावाच्या लिनक्सवाले आजही प्रो आवृत्ती ४८ डॉलरच्या आसपास विकतात आणि लोक घेतातच, साधी आवृत्ती फुकट असून.

आणि कागद मराठीत पाहिजे. केरळात शाळांमध्ये कितीतरी वर्षांपासून लिनक्सच चालते, सोबत मुलांच्या हातात मल्याळममध्ये छापलेलं पुस्तक असते, त्यामुळं तिथल्या पोराला लिनक्स म्हणजे काही वेगळं वाटत नाही, कॉम्प्युटर म्हणजे तेच. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस नावाचं लिनक्स आहे, मराठी मेनू दाखवते, चांगलं आहे, पण बर्डीच्या गल्लीत ते मागणाराही नाही आणि देणाराही नाही. मेनू मराठीत झाला म्हणून काम होत नाही हो, पार्टिशनला मराठीत काय म्हणायचं यावर वाद घालण्यापेक्षा पार्टिशनचं चित्र छापा आणि खाली लिहा, इथं थांबा, आधी फायली दुसरीकडे काढून ठेवा.

हे नुसतं बोलून नाही राहिलो. दुकान बंद केल्यापासून रिकामाच आहे, तर मी एक पुस्तिका केली. २४ पानं, मधे दोन पिना. पहिल्याच पानावर कोणत्या कंपनीच्या लॅपटॉपला कोणतं बटन, मोठ्या टाइपात, काकूंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या. पार्टिशनचं चित्र मधल्या दोन पानांवर आडवं, दोन रंगांत जमलं नाही म्हणून एक तुकडा रेघांचा आणि एक कोरा. प्रिंटरचा धडा १७ व्या पानावर. सगळी लिबरऑफिसमध्ये, लिनक्सवरच केली, जोडाक्षरं एकदोन ठिकाणी रुसली तेवढं सोडलं तर काही त्रास नाही. पहिल्या दहा प्रती झेरॉक्स काढून मी मोदी नंबर तीनला नेल्या, काकूंना ज्यानं पेनड्राइव्ह विकला त्याच्याच दुकानात. म्हटलं बाबा, आधी आतलं जुनं काढून नवीन भर, आणि प्रत्येक पुडीसोबत ही एक दे. त्यानं उलटून पालटून पाहिली, एफ-१२ चं पान वाचलं, म्हणाला, "काका, मस्त आहे. फुकट देऊन राहिले ना?"

मी म्हटलं नाही, प्रतीला ४० रुपये. तो विचार करून राहिला आहे.

आपला,
एक जुना वाचक (आणि माजी डीटीपीवाला),
महाल, नागपूर